डिफरन्शियल आणि त्याचें कुलूप

अमेरिकेंत पिकअप गाडी विकत घ्यावयास गेलेल्या माणसापुढें विक्रेता जी यादी ठेवतो, तिच्यांत रंग, बैठकी आणि इंजिन ह्यांच्या जोडीला एक ओळ अशी असते कीं तिचा अर्थ पुष्कळ गिऱ्हाइकांस लागत नाहीं. ती ओळ म्हणजे मागच्या आंसाच्या डिफरन्शियलला कुलूप. पिकअप म्हणजे पुढें चालकाची खोली आणि मागें उघडा हौदा अशी हलकी मालमोटार; आणि हें कुलूप हवें असल्यास तिच्या किंमतींत कांहीं शें डॉलरांची भर पडते. तें घ्यावें कीं न घ्यावें ह्याचा निर्णय तेथल्या तेथें करावा लागतो, कारण मागाहून तें बसवावयाचें म्हणजे सबंध आंस उघडून आंतील दांतेचाकांची जुळणी नव्यानें करावी लागते आणि खर्च कितीतरी वाढतो. प्रश्न दिसावयास निव्वळ बाजारांतला आहे. परंतु त्याचें समाधानकारक उत्तर हवें असेल तर जवळजवळ दोनशें वर्षें मागें जाणें भाग आहे, आणि श्रोतेहो, आज तुम्हांला तिकडेच घेऊन जावें असा माझा विचार आहे.

आपल्या बैलगाडीला ही अडचण कधीं भासलीच नाहीं. तिचीं दोन्ही चाकें आंसावर मोकळीं फिरतात. वळणावर आंतलें चाक सावकाश आणि बाहेरचें भरभर फिरतें, आणि बैल बिचारे दोहोंनाहि ओढून नेतात. अडचण उत्पन्न झाली ती ओढणारें जनावर जाऊन खुद्द आंसच चाकें फिरवूं लागला तेव्हां. दोन्ही चाकें एकाच आंसावर घट्ट बसविलीं तर तीं सारख्याच फेऱ्या घेणार. पण वळणावरचा रस्ता दोघांना सारखें अंतर चालावयास लावीत नाहीं. दोन चाकांमध्यें दीड मीटर अंतर असलें, तर गाडी एक पूर्ण वर्तुळ फिरेपर्यंत बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां सुमारें साडेनऊ मीटर अधिक चालावें लागतें. आणि मौज अशी कीं वर्तुळ लहान असो वा मोठें, हा फरक तेवढाच राहतो. साधें काटकोनी वळण घेतलें तरी सव्वादोन मीटरांहून अधिक तफावत पडते. ती कोठें तरी भरून निघाली पाहिजे. नाहीं तर एक चाक फरफटत जाणार.

ही तफावत भरून काढण्याची युक्ति पॅरिस येथील ओनेसिफोर पेकर ह्या यंत्रज्ञानें १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं योजिली आणि तिचा एकाधिकार मिळविला. प्राचीन चीनमध्यें एक रथ होता, तो कसाहि वळला तरी त्यावरची बाहुली दक्षिणेकडेच बोट दाखवीत राही, आणि त्यांत असेंच चक्र असावें, असा कांहीं विद्वानांचा तर्क आहे. पण तो मूळ रथ कोणाच्या हातीं लागलेला नाहीं, तेव्हां आपण तो बाजूस ठेवूं. पेकरच्या युक्तीला व्यवहारांत खरें स्थान मिळवून दिलें तें इंग्लंडांतील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ले ह्यानें. हा मूळचा शिवणयंत्रांचा कारागीर, पुढें सायकलींकडे वळलेला. त्याची हकीकत अशी सांगतात कीं तो आणि त्याचा मुलगा शेजारीं शेजारीं बसून एकच गाडी पायांनीं चालवीत असतां, मुलाचे पाय तरुण व जोरकस असल्यामुळें गाडी एका अंगाला ओढली जाऊं लागली. दोघांचा जोर दोन चाकांना सारखा वांटून देणारें कांहीं तरी पाहिजे, हा विचार त्यांतून निघाला आणि १८७७ सालीं तीनचाकी सायकलीला डिफरन्शियल बसलें. १८८१ मध्यें व्हिक्टोरिया राणीनें ह्याच कारखान्याच्या तीनचाकी सायकली मागविल्या, तेव्हां ह्या वाहनाला राजमान्यताहि लाभली. त्यानंतर जर्मनींत कार्ल बेंझ ह्यानें १८८५-८६ मध्यें जी तीनचाकी मोटार सिद्ध केली तिच्यांतहि डिफरन्शियल होतें, आणि तेव्हांपासून मोटार व डिफरन्शियल ह्यांची सांगड कायमची जुळली.

आतां हें यंत्र करतें तरी काय? आकृति दाखविण्याची सोय ह्या माध्यमांत नाहीं, म्हणून मी एक घरगुती दृष्टांत घेतों. बैलांच्या मानेवरचें जूं मध्यभागीं एका खिळीवर सैल फिरतें अशी कल्पना करा. एक बैल दोन पावलें पुढें गेला, दुसरा मागें राहिला, तरी जूं तिरपें होतें आणि गाडी चालत राहते. हा डिफरन्शियलचा गुण. पण आतां एका बैलाचा पाय चिखलांत निसटला असें समजा. त्याचा जोर शून्य झाला. जूं गर्रकन् त्या बाजूला फिरलें. आणि दुसरा बैल कितीहि धडधाकट असला तरी त्याच्या जोराचा गाडीला उपयोग उरला नाहीं. मोटारींत नेमकें हेंच घडतें. फेऱ्यांच्या बाबतींत डिफरन्शियल मोठें उदार आहे. पीळ, म्हणजे फिरविण्याचा जोर, मात्र तें दोन्ही चाकांना सारखाच देतें. ओल्या चिखलावरचें चाक जेवढा पीळ पेलील तेवढाच कोरड्या जमिनीवरच्या चाकाला मिळणार. म्हणून एक चाक भिंगरीसारखें फिरत राहतें आणि दुसरें, ज्याच्या खालीं उत्तम जमीन आहे तें, स्तब्ध उभें असतें. पुष्कळ लोक समजतात कीं सर्व शक्ति फिरणाऱ्या चाकाकडे वाहून जाते. खरी गोष्ट अशी आहे कीं पीळ दोघांनाहि तेवढाच, आणि दोघांनाहि अपुरा मिळतो.

ह्या दोषाचा जाच सर्वांत अधिक कोणाला होणार, तर पिकअपला. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यांतच पोलादी हौदा जोडून ती २८१ डॉलरांना विक्रीस काढली, आणि पहिल्या वर्षींच सुमारें चौतीस हजार गाड्या खपल्या. तत्पूर्वीं शेतकरी व कारागीर साध्या मोटारीला स्वतःच हौदा ठोकून घेत. ह्या गाडीच्या घडणींतच तिची अडचण आहे. इंजिन पुढें, माणसें पुढें, आणि चालविणारीं चाकें मागें, रिकाम्या हौद्याखालीं. माल भरला असतां मागचीं चाकें जमिनीला घट्ट धरून राहतात. पण माल उतरवून परततांना त्यांच्यावर वजनच उरत नाहीं. शिवाय मागचा आंस एकसंध असला कीं इंजिनाच्या पिळाच्या प्रतिक्रियेनें त्याचें एक टोंक किंचित् उचललें जातें; सामान्य अमेरिकन रचनेंत तें उजवीकडचें. त्यामुळें आधींच हलकें असलेलें चाक आणखी हलकें होतें. उत्तरेकडील राज्यांतले पशुपालक हिवाळ्यांत रिकाम्या हौद्यांत वाळूचीं पोतीं टाकून हिंडतात, तें ह्याच कारणास्तव. फेब्रुवारीच्या बर्फांत कुरणावरच्या गुरांना गवत पोंचवावयाचें असतां गाडी रुतली, तर तो निव्वळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाहीं.

गंमत अशी कीं ह्यावरचा उपाय प्रथम शेतकऱ्यासाठीं शोधला गेला नाहीं. जर्मनींतील ऑटो युनियन कंपनीसाठीं फर्डिनंड पोर्शे ह्यानें शर्यतीची जी मोटार रचली, तिची शक्ति एवढी होती कीं ताशीं १६० किलोमीटर वेगांतहि तिचीं मागचीं चाकें जागा सोडून फिरत. १९३५ मध्यें त्यानें झेड्. एफ्. ह्या दांतेचाकांच्या कारखान्याकडून अशी रचना करवून घेतली कीं जिच्यांत दोन चाकांच्या वेगांत फार फरक पडूं लागला तर डिफरन्शियल आपोआप आवळलें जाई. पुढें महायुद्धांत फोक्सवागनच्या क्यूबेलव्हागेन ह्या लष्करी गाडीला तसलेंच डिफरन्शियल बसविलें होतें. ती गाडी केवळ मागच्या दोन चाकांवर चाले. तरीहि हलकें अंग, चालत्या चाकांच्या वरच बसविलेलें इंजिन आणि आवळणारें डिफरन्शियल ह्या तिघांच्या बळावर तिनें वाळवंटांत व रशियाच्या चिखलांत आपलें काम चोख बजाविलें. चारहि चाकें चालविल्यावांचून गत्यंतर नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

युद्धोत्तर काळांत ही युक्ति अमेरिकेंत आली. १९५६ मध्यें पॅकार्ड व स्टुडेबेकर ह्या मोटारींबरोबर ती विकत मिळूं लागली. पण हें अर्धें कुलूप झालें. पुरतें कुलूप म्हणजे दोन्ही चाकांचे दांडे एकमेकांत खांचेंत खांच अडकवून एकजीव करणें. आपल्या दृष्टांतांत, जूं दांडीला करकचून बांधणें. त्याच्याहि दोन जाति झाल्या. ईटन कंपनीनें १९७३ पासून जनरल मोटर्सच्या पिकअपना जें कुलूप पुरविलें, तें स्वयंचलित होतें: दोन चाकांच्या वेगांतला फरक मिनिटाला सुमारें शंभर फेऱ्यांहून वाढला कीं आंतील लहानशीं वजनें बाहेर फेकलीं जाऊन कुलूप लागे, आणि गाडी ताशीं तीसएक किलोमीटरांच्या पुढें गेली कीं तें लागूंच नये अशीहि तजवीज होती. दुसरी जात चालकाच्या हातांतली. ऑस्ट्रेलियांत दाबलेल्या हवेनें लागणारीं कुलुपें १९८० नंतरच्या दशकांत लोकप्रिय झालीं, तर टोयोटाच्या टॅकोमा ह्या पिकअपवर त्यापुढील दशकांत विजेच्या मोटारीनें लागणारें कुलूप मिळूं लागलें. ईटनची जात आपल्याकडेहि आली: नाशिकच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या महिंद्रच्या थार गाडीला २०१५ सालीं मागच्या आंसावर हेंच कुलूप मिळालें.

इतक्यांत एक प्रतिस्पर्धी उभा राहिला, आणि आजचा सारा वाद त्याच्यामुळें आहे. बॉश कंपनीनें १९८६ मध्यें अशी विद्युत्-योजना बाजारांत आणली कीं एखादें चाक फुकट फिरूं लागतांच तिनें त्याला आळा घालावा. तिच्याच पुढच्या पिढ्यांत, फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक आपोआप दाबून दुसऱ्या चाकाला पीळ मिळवून देण्याची रीत सर्वत्र रुळली. अमेरिकेंत गाडीचा तोल सांभाळणारी विद्युत्-योजना हलक्या गाड्यांना २०११ च्या सप्टेंबरपासून सक्तीची झाली, आणि मग ब्रेक दाबण्याची ही करामत जवळजवळ विनामूल्यच गाडीबरोबर येऊं लागली. तेव्हां विक्रेता म्हणतो, 'आतां कुलूप कशाला?' त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. ओल्या सडकेवर, थोड्याशा बर्फावर, अंगणांतल्या गवतावर ही योजना पुरी पडते. पण तिचा हिशेब पाहा. फिरणाऱ्या चाकावर ब्रेकनें जेवढा पीळ खावा तेवढाच दुसऱ्याला मिळतो. म्हणजे इंजिनाला दुप्पट राबावें लागतें आणि त्यांतला अर्धा भाग ब्रेकच्या उष्णतेंत जातो. शिवाय चाक आधीं घसरतें, मग ब्रेक लागतो. खोल वाळूंत किंवा लांबलचक चढावर ही उशिराची व खर्चाची मदत होय. चालकाच्या हातांतलें कुलूप मात्र घसरण्याची वाट पाहत नाहीं आणि कांहीं खातहि नाहीं.

म्हणून कुलूप सर्वथा श्रेष्ठ, असेंहि मी म्हणणार नाहीं. कोरड्या कठीण रस्त्यावर तें लावून वळूं पाहाल तर टायर घासतील, दांड्यांवर विनाकारण ताण पडेल आणि गाडी वळण्याऐवजीं सरळ जाऊं पाहील. बर्फाळलेल्या, एका अंगाला कललेल्या रस्त्यावर तर धोका आहे. उघडें डिफरन्शियल असतां एक चाक फिरतें खरें, पण दुसरें शांत राहून गाडीचा मागचा भाग जागीं धरून ठेवतें. कुलूप लावलें कीं दोन्ही चाकें एकदम निसटतात आणि गाडी आडवी खड्ड्याकडे घसरते.

तर मग घ्यावें कीं न घ्यावें? जो शहरांत राहतो, ज्याची पिकअप बाजारहाटापलीकडे जात नाहीं, त्यानें ते पैसे चांगल्या टायरांत घालावे. टायर गुळगुळीत असतील तर कुलूपहि हात टेकतें. पण ज्याला वर्षांतून पांचदहा वेळां कां होईना, रिकाम्या हौद्यानें चिखलांतून परतावें लागतें, शेवाळलेल्या उतारावरून होडी पाण्याबाहेर ओढावी लागते, एकट्यानें शेतांत जावें लागतें, त्यानें तें अवश्य घ्यावें, आणि मागचीं दोनच चाकें चालणारी गाडी घेणारानें तर आधीं घ्यावें. चारहि चाकें चालणाऱ्या गाडीला त्याची गरज नाहीं, हा समज चुकीचा आहे. ओबडधोबड जमिनीवर पुढचें एक आणि त्याच्या तिरकस समोरचें मागचें एक, अशीं दोन चाकें अधांतरीं राहिलीं कीं चौचाकीहि जागच्या जागीं उभी राहते. गाडी अनेक नोकरांच्या हातीं जाणार असेल तर स्वयंचलित कुलूप बरें, कारण तें लावण्याचें किंवा काढण्याचें कोणी विसरूं शकत नाहीं. मालक स्वतः चालविणार असेल तर मी चालकाच्या हातांतलेंच पसंत करीन. केव्हां लावावें हें कळणें, ह्यांतच त्याची अर्धी किंमत आहे. तें रुतण्यापूर्वीं, गाडी सावकाश चालत असतां लावावें. चाक भरधाव फिरत असतां लावूं गेल्यास दांते मोडतात. आणि महिन्यांतून एकदां खडीच्या रस्त्यावर पांचपंचवीस पावलें लावून पाहावें, कारण वर्ष वर्ष न वापरलेलें कुलूप ऐन वेळीं आंतल्या आंत अडकून बसतें. दिवा कांहीं काळ लुकलुकत राहिला तर घाबरूं नये. खांचेंत खांच बसावयास चाकांना थोडें पुढेंमागें व्हावें लागतें, आणि ती बसली कीं दिवा स्थिर होतो.