साठी, बुद्धी आणि दोन आज्या

परवा अमरावतीहून मामेबहिणीचा फोन आला. मामी गेल्यापासून मामा गप्प गप्प असतात, काही लक्षात ठेवत नाहीत. "वयच झालं रे आता," ती म्हणाली. मी तिला दोन आज्यांची गोष्ट सांगितली. तिला ती अर्धीच ठाऊक होती. इथेही लिहून ठेवतो.

आजीची थोरली बहीण अमरावतीला होती. १९७३ साली तिचे यजमान गेले. तिनं जेवण टाकलं, बोलणं टाकलं. आई सांगायची, नातवंडांची नावं विचारली की म्हणे, "मले नाई माईत." घरानंच निदान केलं : साठी बुद्धी नाठी. मागच्या खोलीत खाट टाकली. वर्षभरात ती गेली.

१९८४ मध्ये अकोल्याला आमच्या आजीचं तेच झालं. शब्दही तेच. पण मामा हट्टानं तिला नागपूरला घेऊन गेले. तिथलं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, लोकांना तेवढंच ठाऊक. "बुढीले पागलखान्यात नेता काय?" शेजारी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, हे बुद्धी जाणं नाही, नैराश्य आहे. औषधं सुरू झाली. दोनेक महिन्यांनी आजी पुन्हा वाती वळायला बसली, आणि मला बरोबर माझ्याच नावानं हाक मारली!

यामागचा इतिहास मला फार उशिरा वाचायला मिळाला. १९०६ मध्ये अल्झायमर यांनी ज्या बाईचा आजार मांडला, ती दवाखान्यात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. म्हाताऱ्यांचं विसरणं मात्र पुढेही बरीच वर्षं 'वय' याच खात्यात पडलं. १९५५ मध्ये इंग्लंडात मार्टिन रॉथ यांनी दाखवलं की नैराश्याचे वृद्ध रुग्ण पुष्कळदा बरे होऊन घरी जातात, स्मृतिभ्रंशाचे सहसा नाही. १९६१ मध्ये किलो यांनी या फसव्या स्मृतिभ्रंशावर लेख लिहिला. १९७९ मध्ये वेल्स यांनी खुणा सांगितल्या : नैराश्याचा रुग्ण "माहीत नाही" म्हणून मोकळा होतो, आपल्या विसरण्याची स्वतःच तक्रार करतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण चुकीचं का होईना, उत्तर देतो आणि उणीव झाकू पाहतो.

म्हणजे थोरली आजी आजारी पडली तेव्हा किलो यांच्या लेखाला बारा वर्षं झाली होती. तिला नैराश्यच होतं, असं आज म्हणता येणार नाही. पण कुणी तपासलंच नाही, हे खरं. आमच्या घरात म्हण होती, मग डॉक्टर कशाला?

एक सांगायलाच हवं. या खुणा पक्क्या नाहीत. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, आणि उतारवयातलं नैराश्य कधी कधी पुढच्या स्मृतिभ्रंशाची चाहूलही असते. बी-१२ किंवा थायरॉइडच्या कमतरतेनंही विसरायला होतं. म्हणून घरी बसून निदान करू नये, तपासून घ्यावं. विचारायला २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा फोनही आहे.

असो. बहिणीनं डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मामांनी आजीला नेलं होतं, आता त्यांना कुणीतरी न्यायला हवं. मीही जातोय सोबत.