एरंडाचे गुऱ्हाळ आणि दोन कार्बनांचा हिशेब

निष्फळ, लांबलेल्या चर्चेला मराठीत ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणतात. एरंड पिळून गूळ निघत नाही, हे त्यामागचे व्यवहारज्ञान. परंतु एरंडाचे बी रुजू लागले की त्याच्या पोटात एक गुऱ्हाळ खरोखरच सुरू होते: तेल ओसरत जाते आणि साखर तयार होते. प्राण्यांच्या शरीराला मेदाम्लांपासून अशी साखर घडवता येत नाही. एरंडाच्या उत्पादनात आपला देश जगात पहिला असल्यामुळे या गुऱ्हाळाचा इतिहास आपण जाणून घ्यायला हवा.

तेलबियांतील हा पालट एकोणिसाव्या शतकातच लक्षात आला होता; त्याची यंत्रणा समजण्यासाठी मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. अडचण मेदाम्लांच्या स्वभावात होती. आखूड साखळीची मेदाम्ले, अगदी दोन कार्बनांचे ॲसिटेटसुद्धा, रासायनिकदृष्ट्या सुस्त असतात. पेशीला ती वापरायची तर आधी ‘सक्रिय’ करावी लागतात. फ्रिट्झ लिपमन यांनी कबुतराच्या यकृतावर काम करताना १९४०च्या दशकात कोएन्झाइम-ए शोधले. १९५१ साली फिओडोर लिनेन यांनी यीस्टमधील ‘सक्रिय ॲसिटेट’ म्हणजे गंधकाच्या बंधाने कोएन्झाइम-एला जोडलेले ॲसिटेट, असे दाखवले. वनस्पतींमधील ॲसिटेटच्या सक्रियणावर ॲडेल मिलर्ड आणि जेम्स बॉनर यांचा शोधनिबंध १९५४ साली आला.

हे काम करणारे विकर ते दोन पायऱ्यांनी करते, हे पॉल बर्ग यांनी १९५६ साली उलगडले. प्रथम ॲसिटेट एटीपीच्या एका तुकड्याला जोडले जाते आणि पायरोफॉस्फेट बाहेर पडते. मग ॲसिटेट कोएन्झाइम-एकडे सोपवले जाते. बाहेर पडलेले पायरोफॉस्फेट लगेच फोडले जाते, त्यामुळे अभिक्रिया मागे फिरू शकत नाही. म्हणजे एका ॲसिटेटसाठी पेशी एटीपीचे दोन ऊर्जासंपन्न बंध खर्ची घालते. भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाला यात ऊष्मागतिकीचा चोख व्यवहार दिसतो: आधी किंमत मोजायची आणि परतीची वाट बंद करायची. प्रथिने घडवण्यापूर्वी अमिनो आम्लेही याच रीतीने सक्रिय होतात.

१९५७ साली हान्स कॉर्नबर्ग आणि हॅरी बीव्हर्स यांनी एरंडाच्या बियांत ग्लायॉक्सिलेट चक्र दाखवले. नेहमीच्या क्रेब्स चक्रात ज्या पायऱ्यांवर कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने कार्बन निसटतो, त्या पायऱ्या हे चक्र टाळते. म्हणूनच तेलातील कार्बन साखरेपर्यंत पोहोचतो. १९६७ साली ब्रायडेनबाख आणि बीव्हर्स यांना या चक्राचे घर सापडले: ग्लायॉक्सिझोम नावाचे सूक्ष्म पेशीअंगक. लांब मेदाम्लांचे तुकडे करण्याचे कामही तेथेच चालते, हे लवकरच स्पष्ट झाले.

येथे एक कोडे उभे राहते. लांब मेदाम्ल तुटताना दोन कार्बनांचे तुकडे कोएन्झाइम-एला जोडलेलेच बाहेर पडतात. ते आधीच सक्रिय असतात. मग बियांमध्ये आखूड मेदाम्लांसाठी स्वतंत्र विकर कशाला? असे विकर तेथे असते, यात शंका नव्हती. १९७४ साली यंग आणि अँडरसन यांनी पायनस रेडिएटा या पाइन वृक्षाच्या बियांतील विकराचे गुणधर्म तपशीलवार मांडले होते.

उत्तराची वाट एका विषाने दाखवली. फ्लोरोॲसिटेट सक्रिय झाल्यावरच घातक ठरते. त्यामुळे अरॅबिडॉप्सिस या छोट्या प्रयोगवनस्पतीची जी रोपे या विषातही तगली, त्यांच्यात सक्रियणाचे विकर सदोष असल्याचे २००५ साली दिसून आले. आश्चर्य म्हणजे त्या विकराविनाही बिया रुजत होत्या. २०११ साली त्याचे कार्य स्पष्ट झाले. तेल वापरले जात असताना काही ॲसिटेट सुटे होते. ते अंगकाबाहेर गळून जाण्यापूर्वी हे विकर त्याला पुन्हा सक्रिय करून चक्रात आणते.

मातीखालच्या अंकुराला प्रकाश मिळेपर्यंत नवी कमाई नसते. तोवर सारा संसार साठवलेल्या शिदोरीवर चालतो. अशा घरात दोन कार्बनांची गळतीही परवडत नाही; ती थांबवण्यासाठी एटीपी मोजावे लागले, तरी बी तो खर्च करते.