पुलाखालची मुंबई

मुंबईतील पायधुणी या नावाची हकीकत जुने लोक सांगतात. एकेकाळी तेथवर भरतीचे पाणी यायचे. चिखलातून शहरात येणारा माणूस तेथे पाय धूत असे, म्हणून ती जागा पायधुणी. म्हणजे या शहराच्या प्रवासाचा इतिहास पायी चालणाऱ्या माणसापासून सुरू होतो.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्रॅम सुरू झाली. पहिले दोन्ही मार्ग पायधुणीलाच येऊन मिळत. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे. कुलाबा ते पायधुणी भाडे सुरुवातीला तीन आणे होते. ही रक्कम मजुराला परवडणारी नव्हती, परंतु त्याच वर्षी ती कमी करण्यात आली. १९०७ मध्ये विजेवरची ट्रॅम आली आणि घोड्यांची सुटका झाली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ही सारी व्यवस्था महापालिकेकडे आली.

ट्रॅमचा वेग बेताचा होता. ती दुकानांसमोरून, मशिदींसमोरून, खानावळींसमोरून जाई. चढणाऱ्या-उतरणाऱ्याला वस्ती दिसे, वस्तीतल्या माणसाला प्रवासी दिसत. कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेला आपला माणूस गाठोडे घेऊन याच भागात खोली शोधी. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्रॅम धावली आणि हे दृश्य संपले.

या भागातल्या प्रवासाच्या खुणांमध्ये नावांची मोठी गंमत आहे. हार्बर आणि मध्य रेल्वेवरील मस्जिद स्थानकाचे नाव ऐकून आपल्याला आपलीच मशीद आठवते. पण हे नाव जवळच्या बेने इस्रायली बांधवांच्या प्रार्थनालयावरून पडले असे सांगितले जाते. मराठी बोलणारे ते यहुदी आपल्या प्रार्थनास्थळालाही मशीदच म्हणत. १७९६ साली स्थापन झालेले ते सिनेगॉग आजही आहे. रोज लाखो माणसे त्या स्थानकावरून जातात, पण किती जणांना हे माहीत असेल?

दुसरे नाव २००२ मध्ये खुल्या झालेल्या उड्डाणपुलाचे. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने निघून मोहम्मद अली रोडवरून जे. जे. रुग्णालयापर्यंत जाणारा हा सुमारे अडीच किलोमीटरचा पूल. सारे शहर त्याला जेजे फ्लायओव्हर म्हणते. त्याचे अधिकृत नाव आहे कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल. हे माहीमचे सुफी संत (१३७२-१४३१), कुरआनचे भाष्यकार, कोकणी मुसलमानांचे श्रद्धास्थान. त्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांचा संदल मानाने जातो. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सारेच तेथे येतात.

अशा संताचे नाव पुलाला मिळाले याचा आनंद आहेच. परंतु एक प्रश्न मनात राहतो. या पुलावर पादचाऱ्याला जाता येत नाही. २०१० पासून दुचाकींनाही बंदी आहे. वाहतुकीची कोंडी टाळण्यासाठी पूल हवा होता, ते खरेच. रुग्णवाहिकेचे मिनिट वाचले तर ते कोणाचेही वाचते. पण मोटारीतला माणूस आता काही मिनिटांत आपल्या मोहल्ल्याच्या वरून निघून जातो. त्याला मिनारा मशिदीचे मिनार दिसतात, त्याखालचा माणूस दिसत नाही. न पाहिलेल्या वस्तीविषयी ऐकीव गोष्टीच खऱ्या वाटू लागतात. रमजानच्या रात्री खाण्यासाठी येणारी गर्दी तेवढी अजून खाली उतरते.

पूल पाडा असे कोणी म्हणणार नाही. पण पुलाखालचे पदपथ चालण्याजोगे असावेत, बसथांब्यावर उभे राहायला जागा आणि सावली असावी, ही मागणी आपणच करायला हवी. त्याचबरोबर आपल्या वस्तीचा, तिच्या ट्रॅमचा, स्थानकांचा, नावांचा इतिहासही आपणच मराठीत लिहायला हवा. वरून जाणाऱ्याला कधी खाली उतरावेसे वाटले, तर त्याच्या हाती काहीतरी असले पाहिजे.