शेप अप सॉमरव्हिल

शेप अप सॉमरव्हिल हा अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यातील सॉमरव्हिल शहरात राबवण्यात आलेला, बालकांमधील लठ्ठपणा रोखण्यासाठीचा सामुदायिक कार्यक्रम आहे. टफ्ट्स विद्यापीठातील पोषणतज्ज्ञ क्रिस्टिना इकॉनोमोस यांच्या नेतृत्वाखाली २००२ ते २००५ या काळात तो संशोधन प्रकल्प म्हणून चालला. पुढे नगर प्रशासनाने तो आपल्या आरोग्यविषयक कामाचा भाग म्हणून चालू ठेवला. शाळा, नगरपालिका, पालक, डॉक्टर आणि उपाहारगृहे यांनी मिळून शहरातील वातावरण बदलल्यास मुलांच्या वजनवाढीवर मोजता येण्याजोगा परिणाम होतो, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या नियंत्रित अभ्यासांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेतील मुलांमध्ये लठ्ठपणाचे प्रमाण झपाट्याने वाढले. त्यावरील अनेक उपाय शाळेपुरते मर्यादित होते. परंतु घरचे जेवण, रस्त्यांची सुरक्षितता आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ यांवर शाळेचे नियंत्रण नसते. त्यामुळे वर्गात मिळालेली शिकवण आचरणात आणण्यास मुलांना पुरेसा वाव मिळत नसे.

सॉमरव्हिल हे बोस्टनला लागून असलेले दाट लोकवस्तीचे शहर आहे. सुमारे ११ चौरस किलोमीटर क्षेत्रात २००० साली तेथे ७७ हजारांहून अधिक लोक राहत होते. ब्राझील, एल साल्वादोर, हैती इत्यादी देशांतून आलेल्या स्थलांतरितांची संख्या लक्षणीय होती. प्रकल्पाच्या आरंभी घेतलेल्या मोजमापांत पहिली ते तिसरीच्या ४० टक्क्यांहून अधिक मुलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त असल्याचे आढळले.

रचना

प्रकल्पास अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांचे अर्थसाहाय्य लाभले. लोकसहभागी संशोधन ही त्याची पद्धत होती. संशोधकांनी तयार आराखडा शहरावर लादण्याऐवजी स्थानिक रहिवासी, शिक्षक आणि अधिकारी यांच्याशी चर्चा करून उपाय ठरवले. तुलनेसाठी त्याच राज्यातील, सामाजिकदृष्ट्या साधर्म्य असलेली दोन शहरे निवडण्यात आली.

आहार आणि हालचाल यांतील छोट्या बदलांतून प्रत्येक मुलामागे दिवसाला जास्तीत जास्त १२५ किलोकॅलरींचा फरक घडवणे, हे उद्दिष्ट होते. उपाय केवळ लठ्ठ मुलांसाठी नव्हते, तर सर्व मुलांसाठी होते. त्यामुळे कोणत्याही मुलास वेगळे काढण्याचा प्रसंग आला नाही.

उपाययोजना

मुलाच्या दिवसाचा क्रम लक्षात घेऊन शाळेपूर्वी, शाळेत, शाळेनंतर, घरी आणि शहरात अशा सर्व पातळ्यांवर बदल करण्यात आले.

शाळा: न्याहारी व दुपारच्या जेवणात ताजी फळे, भाज्या, अखंड धान्याचे पदार्थ आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ वाढवण्यात आले. आहार व व्यायामाचे पाठ शिकवण्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले.

रस्ते: मुलांनी पायी शाळेत जावे यासाठी सुरक्षित मार्ग निश्चित करून पादचारी पट्टे सुधारण्यात आले.

घर: पालकांना नियमित माहितीपत्रके पाठवली जात.

उपाहारगृहे: लहान वाढप, सोबत फळे किंवा भाज्या अशा अटी पाळणाऱ्या उपाहारगृहांना कार्यक्रमाची मान्यता मिळे.

वैद्यकीय सेवा: मुलांच्या वजनाची योग्य नोंद ठेवणे आणि त्याविषयी कुटुंबाशी बोलणे यांसाठी डॉक्टर व परिचारिकांना प्रशिक्षण देण्यात आले.

परिणाम

पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २००७ मध्ये ‘ओबेसिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यासाठी तिन्ही शहरांतील १,१७८ मुलांची मोजमापे अभ्यासण्यात आली. वय व लिंगानुसार प्रमाणित केलेला शरीर वस्तुमान निर्देशांक सॉमरव्हिलमध्ये इतर दोन शहरांच्या तुलनेत सुमारे ०.१ एककाने कमी झाला. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फरक वजनवाढीत सुमारे एक पौंड, म्हणजे ४५० ग्रॅम, इतका होतो. वाढत्या वयात वजन घटवणे नव्हे, तर अनावश्यक वजनवाढ रोखणे अपेक्षित असल्याने हा अल्प फरकही महत्त्वाचा मानला गेला. दोन वर्षांनंतरही परिणाम टिकून असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. पालकांच्या शरीर वस्तुमान निर्देशांकातही घट झाल्याचे नंतरच्या विश्लेषणात आढळले.

मर्यादा

शहरांची निवड यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती आणि त्यांची संख्या केवळ तीन होती. अनेक उपाय एकाच वेळी राबवल्यामुळे त्यांपैकी कोणत्या उपायाचा किती वाटा होता, हे वेगळे करता येत नाही. जवळच असलेल्या विद्यापीठाचे पाठबळ आणि संशोधन निधी इतर शहरांना सहज उपलब्ध होईलच असे नाही.

प्रभाव

संशोधन निधीची मुदत संपल्यानंतरही महापौर जोसेफ कर्टाटोन यांच्या कारकिर्दीत कार्यक्रमास नगर प्रशासनाचा आधार मिळत राहिला. मिशेल ओबामा यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लेट्स मूव्ह’ ही राष्ट्रीय मोहीम जाहीर केली, त्या समारंभास कर्टाटोन उपस्थित होते.

हेही पहा

लठ्ठपणा
शरीर वस्तुमान निर्देशांक
सार्वजनिक आरोग्य