तळटीप : संवेदी चेतापेशींवरील सायटोकाइन-ग्राही
मूळ मजकुरात सायटोकाइनांचा उल्लेख रोगप्रतिकारक पेशींपुरताच आला असला, तरी या लहान संदेशवाहक प्रथिनांना ओळखणारे ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, पाठीच्या कण्यालगतच्या पृष्ठमूल गुच्छिकांतील संवेदी चेतापेशींवरही असतात, आणि कोणत्या वयात कोणत्या पेशीवर कोणता ग्राही आहे यावर त्या संदेशाचा परिणाम अवलंबून असतो. ‘जीपी १३०’ हे पेशीपटलातून आरपार जाणारे प्रथिन इंटरल्युकिन-६, एलआयएफ आणि ऑन्कोस्टॅटिन-एम या तिन्ही सायटोकाइनांच्या ग्राहींत सामाईक असते. ग्राही कोणत्या सायटोकाइनला ओळखेल, हे ठरते ते त्याच्या जोडीदार प्रथिनावरून. वाढत्या वयातील संवेदी चेतापेशी जिवंत राहण्यास एलआयएफ साहाय्य करते, तर प्रौढ प्राण्यात चेतातंतू तुटल्यावर जीपी १३०शी निगडित सायटोकाइनांचे हेच कुळ पेशीतील ‘स्टॅट-३’ प्रथिन सक्रिय करून तंतूच्या पुनर्वाढीला चालना देते.

ऑन्कोस्टॅटिन-एमच्या ग्राहीकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण प्रौढ उंदरांत तो लहान व्यासाच्या मोजक्याच चेतापेशींवर आढळतो आणि इंटरल्युकिन-३१च्या ग्राहीचाही तो एक घटक असल्यामुळे, त्वचेतील टी-पेशींनी स्रवलेले इंटरल्युकिन-३१ थेट या चेतापेशींना उत्तेजित करून खाज निर्माण करू शकते. चेतापेशींवरील इंटरल्युकिन-४च्या ग्राहीचाही दीर्घकालीन खाजेतील सहभाग २०१७ मध्ये उंदरांवरील संशोधनातून दिसून आला. इंटरल्युकिन-३१चा ग्राही रोखणारे नेमोलिझुमॅब हे प्रतिपिंड-औषध २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, ही या संशोधनाची रुग्णांपर्यंत पोहोचलेली मोलाची फलश्रुती होय.