प्रतिबिंबातील आत्मचित्र

आरसा, काच किंवा पाण्यात पडलेल्या स्वतःच्या प्रतिमेचे छायाचित्र. यात कॅमेरा सहसा लपवत नाहीत. तोही चित्रातले एक पात्र होतो. चित्रकारांनी ही वाट आधीच चोखाळली होती. पार्मिजानिनोने 1524 च्या सुमारास बहिर्वक्र आरशात पाहून स्वतःला रंगवले, त्यात पुढे आलेला हात डोक्याहून मोठा दिसतो. छायाचित्रकार इल्झे बिंगने 1931 मध्ये दोन आरसे वापरून एकाच चौकटीत स्वतःचा समोरचा आणि बाजूचा चेहरा टिपला.

खरी मेख फोकसची. आरसा एक मीटरवर असेल तर फोकस दोन मीटरवर हवा; नाहीतर काचेवरची धूळ लख्ख आणि चेहरा पुसट! फ्लॅश समोरून मारू नये, खिडकीचा तिरपा उजेड पुरतो.

घरातल्या घरात काय साधते, हे चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) यांच्याकडून शिकावे. सुमारे पाच दशके ते क्वचितच घराबाहेर पडले. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी अख्खी निसर्गदृश्ये उभी केली. ही टेबलटॉप छायाचित्रे आत्मचित्रे नव्हेत, पण मांडणी आणि उजेडावरची हुकमत तीच. रेल्वे स्टेशनजवळचे त्यांचे घर आता कलादालन आहे.