टीक, टेकू आणि साग

आपल्या आदिलाबादेत लाकडाच्या वखारीत तेलुगू सुतार ‘टेकू’ म्हणतो, मराठी गिऱ्हाईक ‘साग’ म्हणते आणि इंग्रजी पावतीवर ‘टीक’ येते. ‘टेकू’ हा ‘टीक’चाच अपभ्रंश, असे आपल्यातील सुशिक्षितही समजतात. मीही बरीच वर्षे तसेच समजत असे. (मराठीत आपण भिंतीला देतो तो टेकू निराळा.) वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

मलयाळम ‘तेक्क’, तमिळ ‘तेक्कु’ आणि तेलुगू ‘टेकू’ ही द्राविड कुळातील सख्खी भावंडे. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी हा शब्द उचलून त्याचा ‘तेका’ केला. त्यांच्याकडून सतराव्या शतकात तो इंग्रजीत गेला. ‘टेक्टोना’ हे शास्त्रीय नाव ऐकून कोणास ग्रीक ‘टेक्टोन’ म्हणजे सुतार, आणि त्याचा सगोत्र संस्कृत ‘तक्षन्’ आठवेल. मोह गोड आहे, परंतु ‘टीक’चे मूळ तेथे नाही. आपला ‘साग’ मात्र संस्कृत ‘शाक’ या वृक्षनामापासून आला.

शब्दामागोमाग लाकूडही विलायतेस पोहोचले. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग या जिल्ह्यातून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. साग दोन्ही बाजूंस उभाच राहिला. पैनगंगेपलीकडे त्यास एकच नाव पुरते. आमच्या घरांत आजीचा साग असतो आणि नातवाचा टेकू.